नळावरचा हात

"अगं बाई गं!" करून गोजरबाई नळापासून अशी मागे सरली, की तांब्यातलं निम्मं पाणी भिंतीवर आणि निम्मं तिच्या लुगड्यावर गेलं.

राधेश्यामअण्णा न्हाणीघराच्या दारातच उभे होते. काय झालं ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. पण कळल्याचं तोंडावर दिसू नये म्हणून ते खांद्यावरचा टॉवेल काढून उगाच झटकत राहिले.

"काय झालं मावशी, भाजलं का?" त्यांची सून यशश्री स्वयंपाकघरातून धावत आली.

गोजरबाईने नुसती मान हलवली. उजवा हात डाव्या मुठीत घट्ट धरून ती नळाकडे बघत होती. आळीतल्या दोन पिढ्यांची लेकरं तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली. सहजासहजी घाबरणाऱ्यांतली बाई ती नव्हे. जरा वेळाने ती अगदी हळू म्हणाली, "दैवशाला हाय इथं."

वर गिझरमध्ये तापणारं पाणी तेवढं घुमत होतं. दैवशालाबाई म्हणजे अण्णांची बायको, आणि तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"काहीतरीच काय मावशी! करंट असंल," यशश्री म्हणाली, पण तिचाही आवाज खाली आला होता.

"करंट झटका मारून फेकतो, पोरी. ह्यानं मला धरलं. आगं, दोन साल मी त्या बाईच्या हाताला तेल चोळलं. मला त्यो हात वळखू येत न्हाई का? आशीच थरथर. बारीक, न थांबणारी. बिलकुल आशीच."

यशश्रीने अण्णांकडे पाहिलं. अण्णा टॉवेलाची घडी घालत होते.

"पैलं नातवंड हाय," गोजरबाई पदराने हात पुसत म्हणाली. "तिला हातात घ्यायचं राह्यलं, म्हणून थांबलीय बिचारी. पर मी उंद्या त्या लेकराला इथं न्हाई आणणार. आधी तिला मोकळी करा, मंग मला बलवा." आणि चपला पायांत सरकवताना ती थबकली. "दादा, तुमाला ठावं व्हतं ना?"

अण्णांनी घातलेली घडी पुन्हा मोडली. गोजरबाईला उत्तराची गरजही दिसली नाही.

अण्णांची लेक गंधाली बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. उद्या सकाळी दवाखान्यातून दोघींना घरी आणायचं होतं, आणि म्हणूनच गोजरबाई आदल्या दिवशी जागा बघायला आलेली. मंठा चौफुलीच्या पुढे, वसाहतीच्या टोकाला त्यांचं घर. त्यात मागचं न्हाणीघर तेवढं ऐसपैस. पाटावर बसून पाय लांब करावेत, लेकराला नडग्यांवर पालथं घ्यावं आणि हाताशीच नळ असावा, असं ते एकच ठिकाण. एरवी तिथे अण्णांशिवाय कुणी आंघोळ करत नसे.

अण्णांबद्दल सांगायचं तर फार काही नाही. बोलायला कंजूष माणूस. सगळी नोकरी जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. ओल्या कागदावर बी मांडायचं, कागद गुंडाळून ठेवायचा, मुदत भरली की उलगडून कोंब मोजायचे. जे उगवलं नाही त्यातलं मेलेलं कोणतं आणि नुसतंच निजलेलं कोणतं, हे बोटाने दाबून ठरवायचं. निवृत्त होताना शाल-श्रीफळ मिळालं, दोन भाषणं झाली, आणि त्या दोन्ही भाषणांत अण्णांचं नाव राधाकिसन असं घेतलं गेलं. त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही.

पुढे दैवशालाबाईंना कंपवात झाला. आधी अंगठा हलायला लागला, मग पंजा, मग कोपरापर्यंतचा हात. घास तोंडापर्यंत जाईना, कुंकू कपाळभर व्हायचं. अण्णा त्यांना खुर्चीवर बसवून याच न्हाणीघरात आंघोळ घालायचे. एका हाताने पाणी घालायचं आणि दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरून ठेवायचा. धरला म्हणून तो थांबत नसे, पण बाईंना बरं वाटायचं. जन्मभर जे बोलले नाहीत ते नवरा-बायको त्या दोन वर्षांत तसे हात धरून बोलले.

दिवाळीत थंडी पडली आणि अण्णांनी गिझर चालू केला. पहिल्याच दिवशी ओल्या फरशीवर उभं राहून गरम पाण्याच्या नळाला हात लावला, आणि बोटांतून कोपरापर्यंत ती थरथर चढली. झटका म्हणावा अशी नव्हे. नुसती बारीक, सलग थरथर. अण्णांनी हात मागे घेतला. जरा थांबून पुन्हा लावला. मग तो त्यांनी तसाच ठेवला.

अण्णांना करंट कळत नव्हता असं नाही. पण तो शब्द त्यांनी मनातसुद्धा उच्चारला नाही. रोज सकाळी कडी लावायची, डाव्या हाताने नळ धरायचा आणि अंगावर पाणी घेता घेता हळू आवाजात काय काय सांगायचं: गंधालीला सातवा लागला, अपूर्वची बदली रात्रपाळीला झाली, सूनबाईची भाकरी आताशा चांगली फुगते. आंघोळीला वेळ लागायला लागला. आतून बोलण्याचा आवाज येतो हे यशश्रीने एकदा नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. अपूर्व म्हणाला, म्हातारा माणूस आहे, स्तोत्र म्हणत असेल.

गोजरबाई गेल्यावर यशश्री न्हाणीघरात शिरली आणि तिने नळाला हात लावला. काही नाही. तिने पायांकडे पाहिलं, रबरी चप्पल काढून टाकली, ओल्या फरशीवर उघडा पाय टेकला आणि बोटाचं नुसतं टोक लावलं. "आई गं!" तिने हात झटकला.

"अण्णा, तुमी रोज इथंच आंघोळ करून राह्यले. तुमाला कधी लागलं न्हाई?"

"लागतं थोडंसं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असंल."

"आन बोलले न्हाई?" यशश्री त्यांच्याकडे बघतच राहिली. "अण्णा, मावशी इथं ओल्यात बसणार, मांडीवर एवढंसं लेकरू. अंगभर पाणी. तिनं नळाला हात लावला असता तर?"

हे अण्णांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इतके दिवस गंधालीच्या पोटाकडे बघून त्यांनी बाळाची वाट पाहिली होती आणि रोज सकाळी नळ धरून बाळाच्या आजीला त्याच्याच गोष्टी सांगितल्या होत्या. पण या दोन गोष्टी एकमेकींना कुठे जाऊन भिडतील याचा विचार केला नव्हता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चौफुलीवरच्या प्रितम वायरमनला बोलावते. तो जल्दी करून देईल."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "मी करतो."

"तुमी? अण्णा, तुमी बल्ब तरी बदलला का कधी?"

"मीच करतो, सूनबाई. दुसऱ्या कोणाचा हात नको."

त्यांच्या तोंडाकडे बघून यशश्रीने पुढे वाद घातला नाही.

तिने फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यातला दाढीवाला तरुण दर वाक्याला 'दोस्तों' म्हणत होता. यशश्री व्हिडिओ थांबवून एकेक पायरी सांगायची आणि अण्णा तेवढंच करायचे. प्लग काढला. पाणी येणारा कॉक बंद केला. नळाखाली बादली लावून गिझर रिकामा केला, तर आधी स्वच्छ, मग पिवळं आणि शेवटी पांढऱ्या खड्यांचं पाणी आलं. तिकडच्या बोअरचं पाणी असंच जड. भांड्यांवर सुकलं तरी चुना मागे ठेवून जातं.

खालचं झाकण काढून अण्णांनी नट सैल केले. एक नट सुटेना. त्याला खोबरेल सोडलं, पान्यावर कापड गुंडाळलं आणि सगळा जोर लावला, तेव्हा तो असा कण्हला की यशश्रीने दचकून दाराकडे पाहिलं. मग कॉइल हळूहळू बाहेर आली. ती कॉइल आहे हे सांगावं लागलं असतं. मनगटाएवढा जाड पांढरा थर, आणि टोकाला पाच बोटांसारखे फुटवे.

"चुना आहे," अण्णा म्हणाले, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

त्यांनी थर ठोकून काढला. आतली नळी एका जागी उभी चिरली होती. तिथूनच करंट पाण्यात उतरत होता, हे व्हिडिओतल्या दोस्ताने बराबर सांगितलं होतं. यशश्री स्कूटीवरून जाऊन नवी कॉइल आणि रबरी वायसर घेऊन आली. तोवर अण्णांनी टाकी आतून खरवडून धुतली. जोडणी करताना त्यांची बोटं सफाईने चालली. नट आवळले, पाणी भरलं, कुठे थेंब येत नाही हे बघितलं, प्लग खोचला.

"चालू करू?"

"थांब. तू जा, चहा टाक," अण्णा म्हणाले.

बटण बंदच होतं. त्यांना निरोप घ्यायचा होता, एवढंच. आता तिथे काही नसणार हे धरून त्यांनी चपला काढल्या आणि नळावर हात ठेवला.

हात थरथरला.

आधीपेक्षा बारीक, पण तीच थरथर. बोटांत, मग तळव्यात, मग मनगटात. अण्णांनी बटणाकडे पाहिलं. बंद. कॉइल नवी. चिरलेली नळी समोर वर्तमानपत्रावर पडलेली. बाहेर लख्ख दुपार होती, शेजारी कुणी मसाला कुटत होतं, आणि अण्णांच्या मानेवरचे केस उभे राहिले. इतके दिवस मनात कुठेतरी करंट नावाचा आधार होता. त्याच्या जिवावर त्यांनी हा हात आपला मानला होता. तो आधार आता त्यांनीच स्वतःच्या हाताने सोडवून कागदावर ठेवला होता.

"दैवशाला?" त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी नळाशी शेकडो गोष्टी केल्या होत्या, पण प्रश्न कधी विचारला नव्हता. उत्तर येईल की काय, या भीतीने त्यांनी हात काढून घेतला.

यशश्री चहा घेऊन आली, तेव्हा ते पाटावर बसले होते.

"तिथंच आहे अजून," ते म्हणाले. "बटण बंद हाय. तरी आहे."

यशश्रीचा चेहरा उतरला. तिने चहा ठेवला, बोट लावून पाहिलं आणि चटकन काढलं. मग भिंतीपाशी जाऊन तिने प्लगच उपसला. पुन्हा बोट लावलं. काही नाही. प्लग खोचला. बटण बंद. बोट लावलं. आहे.

"हे कुठून येऊन राह्यलं मंग?" ती पुटपुटली. आणि एकदम म्हणाली, "अण्णा, फ्रिजपण चावतो मला आताशा. मला वाटलं थंडीचं होतंय."

दवाखान्यात बहिणीपाशी थांबलेल्या नवऱ्याला तिने फोन लावला. अपूर्व लोखंडाच्या कारखान्यात कामाला. या गोष्टी त्याला थोड्याफार कळायच्या. फोनच्या आवाजामागे एक लेकरू रडत होतं.

"अर्थिंग गेलं असंल घराचं," तो म्हणाला. "फ्रिजचा करंट जमिनीत जायचा, तो उलटा फिरून गिझरवर येऊन राह्यला. अर्थिंगचा खड्डा बघा. त्यात पाणी टाकावं लागतं, न्हाईतर सुकतो."

"कुठंय खड्डा?"

"आईला माहीत होतं," तो म्हणाला.

अण्णांनी कप खाली ठेवला. त्यांच्याही लक्षात आलं होतं. तुळशीला पाणी घालून झालं की दैवशालाबाई मीटरच्या भिंतीखाली एका पाइपाच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतायच्या. घर बांधलं तेव्हा वायरमनने सांगितलं होतं म्हणे, की वहिनी, इथे रोज पाणी, महिन्याला मूठभर मीठ. हात थरथरायला लागल्यावर निम्मं पाणी बाहेर सांडायचं. "काय करत असते गं तिथं?" अण्णांनी एकदा विचारलं होतं. "घराला पाजते," त्या म्हणाल्या होत्या. बायकांचं काहीतरी असेल म्हणून अण्णांनी सोडून दिलं.

आणि त्यांच्याच तेरवीला, पंगत बसायला अंगण सारखं हवं म्हणून अण्णांनी दोन दिवस आधी गवंडी बोलावून सगळ्या अंगणावर सिमेंटचा कोबा घालून घेतला होता.

मीटरच्या खाली हिरवी वायर भिंतीवरून उतरून कोब्यात गडप होत होती. अण्णांनी पहार आणली. यशश्री 'मी करते' म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही. कोबा फुटला, तसं खालून पाइपाचं तोंड दिसलं. गवंड्याने त्यात सिमेंटच्या पिशवीचा कागद कोंबून ते बंद केलं होतं. अण्णांनी कागदाचा बोळा ओढून काढला. आतून कोरडी, खारट हवा त्यांच्या तोंडावर आली.

यशश्रीने पहिली बादली ओतली. पाणी पाइपात उतरलं आणि खालून आवाज यायला लागला. गटगट, गटगट. तांब्या तोंडाला लावून कुणी एका दमात प्यावं तसा. दोघंही वाकून ऐकत राहिली. बादली संपली तरी आवाज थांबेना.

"किती तहान लागल्ती," यशश्री म्हणाली, आणि आपण काय बोललो हे ऐकून तिने जीभ चावली.

अण्णांच्या डोळ्यांना पाणी आलं. वर्षभर त्यांनी दैवशालेच्या फोटोला हार घातला, कावळ्याला घास ठेवला, पितरांना पाणी सोडलं. आणि ती रोज जिथे पाणी घालायची, तिथे सिमेंट ओतलं.

"तू मीठ घालून टाकत जा," ते म्हणाले. "मी आत नळापाशी थांबतो. गेलं की सांगतो."

"हा घ्या टेस्टर. हात लावू नका बिलकुल. आन चपला घाला."

"हां."

आत गेल्यावर अण्णांनी टेस्टर खिशात टाकला, चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभं राहून नळ धरला. थरथर होती. बाहेर बादली रिकामी झाल्याचा आवाज आला. मग गटगट. मग दुसरी बादली.

तिसऱ्या-चौथ्या बादलीला थरथर कमी व्हायला लागली. कोपरातून उतरली, मनगटात आली. अण्णा डोळे मिटून उभे होते आणि त्यांना कळत होतं की हे सगळं आपल्या हाताला माहीत आहे. हे एकदा झालेलं आहे.

ती संध्याकाळ होती. दैवशालाबाई खाटेवर आडव्या होत्या आणि अण्णा नेहमीसारखे हात धरून शेजारी बसले होते. बोलता बोलता तो हात हळूहळू शांत व्हायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा. आधी कोपर थांबलं, मग मनगट, मग बोटं. अण्णांना केवढा आनंद झाला होता! गोळी लागू पडली, बाईला झोप लागली. तिची झोप मोडू नये म्हणून ते हललेसुद्धा नाहीत. अंधार पडला तरी दिवा लावायला उठले नाहीत. अपूर्व कामावरून आला, त्याने दिवा लावला, आईकडे पाहिलं आणि मग वडिलांकडे पाहिलं, आणि अण्णा ओठांवर बोट ठेवून त्याला म्हणाले होते, "हळू. आत्ताच निजली."

हे त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. नळालाही नाही.

आता थरथर फक्त बोटांच्या टोकांना उरली होती. इतकी थोडी, की मन लावलं तरच कळावी. एवढ्याने कुणाला काही होत नाही, असं त्यांच्या मनात आलं. एवढी राहिली तर राहू दे.

"अण्णा!" बाहेरून यशश्रीने हाक मारली. "गेलं का? बस करू?"

अण्णांनी नळ घट्ट धरला.

"अण्णा?"

"अजून हाय थोडं," ते म्हणाले. "अजून एक बादली टाक."

बाहेर पाणी ओतलं गेलं. गटगट आवाज खोल जात गेला आणि थांबला. बोटांखालची थरथर एकदा बारीक हलली, आणि मग नळ नुसता गार नळ उरला.

या खेपेला अण्णांना कळलं. त्यांनी हात काढला नाही. नळ धरून तिथेच पाटावर बसले आणि मोठ्याने, लहान पोरासारखे रडले. बाहेर यशश्रीने बादली खाली ठेवल्याचं त्यांना ऐकू आलं. त्यानंतर बराच वेळ तिने हाक मारली नाही.